गेलेला अराली कोणता

खड्डा खणणाऱ्यांनी कमरेएवढी माती वर काढली होती, तेव्हा अरालीकाका रेडिओ काखेत धरून घराबाहेर आले आणि त्यांनी विचारलं, माझ्या केळीच्या बागेत हे कोणासाठी चाललंय. खणणाऱ्यांपैकी दोघे फावडी टाकून पळाले. तिसरे म्हातारे बागोन्झा. त्यांना पळता येत नाही, म्हणून ते खड्ड्यातच उभे राहिले आणि म्हणाले, "तुमच्याचसाठी. जरा आखूड झालाय का, बघा."

आत्या अकीकी, पत्राची सुरुवात अशी करत नाहीत हे मला ठाऊक आहे. पण तुमचे थोरले भाऊ दुपारी स्वतःच्या पायांवर उभे राहून बोलत होते, एवढं तुम्हाला आधी कळावं असं वाटलं. ते जिवंत आहेत. आता रीतीचं. तुमची रात्र कशी गेली? गुडघ्याची सूज उतरली का? होइमाच्या त्या घरात अजून ओल येते का? शेळी व्याली असेल. मी इथून वाकून तुम्हाला नमस्कार करतो आहे असं समजा. (खरोखरच वाकलो आहे. कॅम्पमधलं टेबल बुटकं आहे.) अराली गेले असा निरोप दुपारच्या बसने तुमच्याकडे गेल्याचं अमूतीकाकूंनी सांगितलं. निरोप खोटा नाही. अराली गेले. ते दुसरे. तेव्हा तुम्ही निघू नका, डोकं भादरू नका, आणि भादरलं असेल तर क्षमा करा.

घडलं ते क्रमाने लिहितो, कारण क्रमाने लिहिण्याचाच मला पगार मिळतो. अकरा वर्षं मी ह्या जंगलात चिंपांझींच्या मागे फिरतो आणि ते काय करतात ते वहीत उतरवतो. इथल्या संशोधक मार्गिटबाईंनी पहिल्या आठवड्यात नियम शिकवले. चिंपांझी रागावला असं लिहायचं नाही. केस उभे राहिले असं लिहायचं. दोघांचा समेट झाला असं लिहायचं नाही. किती हातांच्या अंतरावर बसले, कोणी कोणाच्या केसांतून किती मिनिटं बोटं फिरवली, ते लिहायचं. माणसाचे शब्द त्यांना लावायचे नाहीत, कारण मग आपण त्यांना पाहत नाही, आपल्यालाच पाहतो. नियम चांगला आहे. मी तो पाळतो. (उलट बाजूचा नियम, म्हणजे त्यांचे शब्द माणसांना लावू नयेत असा, वहीत कुठेही नाही. तो असता तर आजचा दिवस वेगळा गेला असता.) प्रत्येकाला नावाऐवजी एक अक्षर आणि एक आकडा असतो. म्हातारा नर होता तो के-सात.

इथे मात्र आम्ही मागावर फिरणारे अडलो. बाईंना मी समजावून सांगितलं होतं की आमच्या तोरो मुलखात माणसाला दोन नावं असतात, एक कागदावरचं आणि एक हाकेचं. हाकेची नावं सगळी मिळून डझनभर, म्हणून घराघरांत एक अराली, एक अमूती, एक अकीकी असतात. आणि हाकेचं नाव न घेता नमस्कार केला, तर तो नमस्कार होत नाही, ते तोंडावर थुंकणं होतं. बाईंनी हे सगळं लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "छान. पण वहीत के-सात." वहीत आम्ही के-सात लिहीत राहिलो. पण रोज पहाटे ज्याच्या झाडाखाली जायचं, त्याला हाक न मारता कसं जायचं? तो झाडांच्या रुंद मुळांवर पाय आपटायचा आणि आवाज दोन टेकड्यांपलीकडे जायचा, ढग गडगडावा तसा. अराली हे गडगडाटाचंच नाव, म्हणून आम्ही त्याला अराली म्हणू लागलो, आपसात. ह्यात अरालीकाकांचा काही संबंध नव्हता. (थोडा होता. काका गावपंचायतीचे अध्यक्ष होते तेव्हाचं त्यांचं भाषण तुम्ही ऐकलं आहे.)

आज सकाळी सात चाळीसला तो ओढ्याजवळच्या उंबराखाली पडलेला सापडला. कुशीवर, हात डोक्याखाली. अंगावर जखम नव्हती. मार्गिटबाई परवान्याच्या कामाने फोर्ट पोर्टलला गेल्या होत्या आणि कॅम्पचा वायरलेस तिथपर्यंत पोचत नाही. छापील तक्त्यात 'बसला', 'चालला', 'खाल्लं' असे रकाने आहेत. 'मेला' हा रकाना नाही. मी वहीचं पान फाडलं आणि आपल्या भाषेत चिठ्ठी लिहिली, बाईंना ती आता चांगली वाचता येते. के-सात असं लिहायला घेतलं. हात पुढे जाईना. मेलेल्याला आकड्याने कळवायचं हे मला जमलं नाही. म्हणून लिहिलं:

"अराली आज पहाटे गेले. अंगावर जखम नाही. वय पन्नाशीच्या पुढे. अकरा वर्षं सगळ्यांच्या वर होते, गेली चार वर्षं एकटे राहात. शेवटी भाऊ जवळ नव्हता. तुम्ही येईपर्यंत देह कोणी हलवू नये. बासालिझा."

हे वाचताना तुमच्या डोळ्यांपुढे कोण उभं राहिलं ते मला ठाऊक आहे, आत्या. माझ्या डोळ्यांपुढे मात्र काका आले नाहीत. माझ्यापुढे तो पडलेला होता.

चिठ्ठी मी रस्त्यावर जाऊन कासाइजाच्या टॅक्सीत दिली आणि म्हटलं, फोर्ट पोर्टलला गेल्याबरोबर पोचव. कुठे, ते सांगितलं नाही. बाईंकडे, हे मला उघड वाटलं. माझा चेहरा पाहून कासाइजाने काही विचारलं नाही. तो भला माणूस. त्याला गाडीचा परवाना काकांनी मिळवून दिला होता. त्याने वाटेत चिठ्ठी वाचली, गाडी बाजूला घेऊन रडला, उतारूंनाही रडवलं आणि सरळ रेडिओच्या कचेरीत गेला, कारण आपल्याकडे मृत्यूची चिठ्ठी दुसरीकडे जात नाही. बाराच्या निधनवार्तांमध्ये ती शब्दशः वाचली गेली. गाव कुठलं ते चिठ्ठीत नव्हतं, पण सहीवरून सगळ्यांनी ओळखलं.

मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. मी देहापाशी बसलो होतो, रानडुकरं येऊ नयेत म्हणून. अकराच्या सुमारास के-नऊ आला. के-नऊ हा के-सातचा भाऊ, एका आईचा. तो दहा हातांवर थांबला. मग दोन हातांवर येऊन बसला. आवाज केला नाही. चाळीस मिनिटं बसला, म्हणजे बेचाळीस. उठताना के-सातच्या खांद्यावरचं काहीतरी, पान असेल किंवा किडा, बोटांनी उचललं, पाहिलं, खाली टाकलं आणि गेला. मी हे असंच वहीत लिहिलं आहे. जास्त काही लिहिलेलं नाही. 'शेवटी भाऊ जवळ नव्हता' हे तेव्हा टॅक्सीतून अर्ध्या वाटेवर पोचलं होतं.

दोन वाजता कॅम्पची स्वयंपाकीण रडत आली आणि माझ्या अंगावर ओरडली, "लाज नाही वाटत? घरचा अराली पडलाय आणि तू रानातल्या अरालीपाशी बसलायस!" मी धावत सुटलो. आत्या, मी मनापासून रडलो. एकाच दिवशी दोघे गेले, ह्यात काहीतरी अर्थ असणार असंही मला वाटलं. वडील गेल्यावर मला काकांनीच वाढवलं, आणि गेल्या रविवारी मी त्यांच्याशी उद्धट बोललो होतो. मैलभर मी त्यांची माफी मागत धावलो. मग दुकानापाशी रेडिओ लावलेला होता, तिथे वार्ता पुन्हा लागली आणि "अंगावर जखम नाही" असं ऐकलं. पुढचं वाक्य काय येणार ते मला ठाऊक होतं. रेडिओवर मला माझं अक्षर ऐकू आलं.

त्यानंतर मी जास्तच जोरात धावलो.

काका रोज बाराची निधनवार्ता ऐकतात. आजही ऐकली. ती आपल्याबद्दल आहे असा त्यांना संशयही आला नाही. (सही वाचली तोवर त्यांनी रेडिओ बंद केला होता.) "बिचारा," असं म्हणाल्याचं त्यांनी मला स्वतः सांगितलं. "अकरा वर्षं लोकांसाठी झिजला आणि शेवटी भाऊ जवळ नाही. कसला भाऊ तो!" मग ते जेवून आडवे झाले. उठले तेव्हा बागेत खड्डा होता, अंगणात शेजारणी केळी सोलत होत्या आणि कुंपणाशी देहासाठी वेताची डोली आणि गुंडाळायला झाडाच्या सालीचं कापड घेऊन पाचजण उभे होते. (देह कोणी हलवू नये असं चिठ्ठीत होतं, म्हणून आत कोणी गेलं नव्हतं.)

मी पोचलो आणि त्याच वेळी समोरच्या वाटेने अमूतीकाका आले. तुम्हाला सांगायला नको, नऊ वर्षांत त्यांनी त्या अंगणात पाय ठेवला नव्हता. भर पंचायतीत, सगळ्यांसमोर, त्यांनी थोरल्या भावाला 'रुवाबुहिंगा' म्हटलं होतं. नुसतं. कागदावरच्या नावाने, जसं कोर्टात पुकारतात. तेव्हापासून काका म्हणतात, मला भाऊ नाही; आणि अमूतीकाका म्हणतात, मला नाव घेता येतं, हाक मारता येत नाही. ते अमूतीकाका आज रस्त्यापासूनच ओरडत आले. "अराली! अराली! मी जवळ नव्हतो, अराली!" टोपी पडली होती. ते अंगणात गुडघ्यांवर पडले आणि मातीवर हात आपटत सात वेळा अराली म्हणाले. आठव्यांदा मान वर केली, तेव्हा समोर दारात काका उभे होते. "अरा" एवढंच झालं आणि पुढचा भाग तोंडात राहिला.

केळी सोलणाऱ्यांचे सुरे थांबले. मग खड्ड्यातून बागोन्झा म्हणाले, "म्हणाला की तो! सगळ्यांनी ऐकलं. संपलं भांडण. मला वर काढा."

"मेलेल्याला म्हणाला," काका म्हणाले. "मी जिवंत आहे. त्याच्याशी माझा काय संबंध?"

"मी कुठे म्हणतोय संबंध आहे," अमूतीकाका गुडघे झटकत म्हणाले. "मयतीला आलो होतो. मयत नाही, तर मी निघतो."

"जेवून जा," काका कोणाकडेही न पाहता म्हणाले. "एवढं शिजवलंय ते कोण खाणार?"

तुम्हाला माझी अडचण माहीत आहे. शनिवारी आपण काबोनेसाच्या घरी मागणी घालायला जायचं आहे. तिचे वडील, रुसोके, मला सरळ म्हणाले आहेत: "ज्या घरात सख्खे भाऊ एकमेकांना हाक मारत नाहीत, तिथे माझ्या मुलीला हाक कोण मारणार? दोघेही चुलते एका चटईवर बसलेले दिसले तर बोलू. नाहीतर चहा पिऊन जा." त्यांनी हे तीनदा सांगितलं आहे आणि काबोनेसाने चौथ्यांदा सांगितलं आहे. पहिली तारीख ह्याच भांडणात गेली, आता तिसरी मिळणार नाही, असंही ती म्हणाली. तेव्हा दोघे काका एका अंगणात जेवायला बसले, हे पाहून मला शनिवार दिसू लागला. अमूतीकाका चटईच्या टोकाला, काका स्टुलावर. अंतर नऊ हात. मी मोजलं, कारण मला तशी सवय आहे. नाचणीचा गोळा आणि घेवडा वाढला तेव्हा आठ हात. (काकांनी स्टूल उन्हातून हलवलं. त्याला अर्थ नव्हता.) मग तासभर आठच. पाहुणे जेवून उठू लागले होते.

इथे माझी चूक झाली. चिठ्ठीची चूक कासाइजाबरोबर वाटून घेता येईल, ही माझ्या एकट्याची. मी दोघांच्या मध्ये जाऊन बसलो आणि म्हणालो, "काका, आज गेले ते अराली आणि त्यांचा भाऊ, उंबरावरून फार भांडायचे. एकमेकांचं बोट तोडेपर्यंत. पण तासाभरात एकमेकांशेजारी बसायचे. मी पंचवीस वेळा पाहिलंय, वहीत आहे."

अंगणात शांतता झाली. मला ती चांगली वाटली.

"म्हणजे आम्ही माकडं," काका म्हणाले.

"नाही काका. चिंपांझी माकड नव्हे. माकडाला शेपूट असतं."

हे खरं आहे, आत्या. पण खरं केव्हा बोलायचं हे मला अकरा वर्षांत कोणी शिकवलेलं नाही.

अमूतीकाकांनी ताट खाली ठेवलं. "आणि आधी जवळ कोण जायचा?" त्यांनी विचारलं. मला वाटलं, कुतूहल आहे. मी म्हणालो, "बहुधा हरलेला."

दोघांनी लगेच एकमेकांकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे. पंचवीसपैकी नऊ वेळा जिंकलेला आधी गेला होता, हे मी सांगायला हवं होतं. आकडे जिभेवर होते. पण तोवर काका उठले होते. "ऐकलंस का?" ते म्हणाले. नाव घेतलं नाही, पण ते माझ्याशी बोलत नव्हते. "ह्याच्या तापात रात्र रात्र कोण जागलं? आणि हा आपल्याला झाडावर बसवतो."

"ऐकलं," अमूतीकाका म्हणाले. "ह्याला खांद्यावर घेऊन मी शाळेत नेलाय. नदीला पूर असताना."

"मी सांगितलं म्हणून नेलास."

"तुम्ही सांगितलंत म्हणून नेला. पण खांदा माझा होता."

"बाप असता तर ह्याने असं तोंड उघडलं असतं?"

"बाप असता तर दात मोजून हातात दिले असते."

मला ओरडण्यासाठी दोघांनाही माझ्याजवळ यावं लागलं, आणि मी एकच असल्यामुळे ते एकमेकांच्याही जवळ आले. दोन हात. नंतर एक. बागोन्झा, ज्यांना अजून कोणी वर काढलं नव्हतं, खड्ड्यातून दोघांना दाद देत होते. शेवटी काका म्हणाले, "शनिवारी आम्ही कुठेही येणार नाही. माकडांना घेऊन सोयरीक जुळत नाही. दुसरे चुलते शोध." आम्ही, असं ते म्हणाले. अमूतीकाकांनी मान डोलावली. नऊ वर्षांत त्या अंगणात तो शब्द त्या दोघांसाठी कोणी वापरला नव्हता. मला आनंद व्हावा की रडू यावं हे ठरेना. मी खाली मान घालून बसलो. आमच्या जंगलात भांडलेले दोन नर तिसऱ्यावर धावून गेले की संध्याकाळपर्यंत एकाच फांदीवर दिसतात. हे मात्र मी बोललो नाही. एवढं मी शिकलो.

खणलेला खड्डा मोकळा ठेवता येत नाही, त्यामुळे बागोन्झांना वर काढून त्यात केळीचा खुंट पुरला. पहिली मूठ माती भावाने टाकायची असते. अमूतीकाका पुढे आले. काका त्यांच्या शेजारी उभे राहून आपल्या जागी जाणारा खुंट पाहत होते. "नीट टाक," एवढंच म्हणाले.

मी कॅम्पवर परतलो तेव्हा मार्गिटबाई आल्या होत्या. वार्ता त्यांनी फोर्ट पोर्टललाच ऐकली होती आणि ती के-सातची आहे हे ओळखणाऱ्या त्या एकट्याच. त्या देहापाशी बराच वेळ बसल्या. मग वही मागितली, वाचली, आणि विचारलं, "शेवटी भाऊ जवळ नव्हता, हे निरीक्षण की मत?" मी म्हणालो, "निरीक्षणच. पण घाईचं." त्यांनी काही खोडलं नाही. वर पेन्सिलीने, के-सातच्या शेजारी, त्यांनी बारीक अक्षरात 'अराली' लिहिलं.

संध्याकाळचे सहा वाजले आहेत. कासाइजा उद्या सकाळी हे पत्र होइमाच्या बसमध्ये देईल. कोणाला द्यायचं ते मी ह्या वेळी पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. प्रकृतीला जपा.

तुमचा भाचा,
बासालिझा अत्वोकी

ता.क. तुम्ही निघू नका असं वर लिहिलं आहे. निघा. शुक्रवारच्या आत या. थोरला आणि धाकटा दोघेही ज्यांना घाबरतात असं माणूस जगात एकच आहे, आणि त्यांचा गुडघा सुजला आहे, हे मला कळतं. पण बसमध्ये पुढची जागा ठेवायला मी सांगितलं आहे. रागवायचं असेल तर आधी त्यांच्यावर रागवा, माझ्यावर शनिवारनंतर.

ता.क. दुसरा. एक गोष्ट मी अंगणात सांगितली नाही. पंचवीस वेळा समेट झाला हे खरं. सव्विसाव्यांदा झाला नाही. चार वर्षांपूर्वी के-सातची जागा गेली, त्या दिवशी के-नऊ दुसऱ्यांच्या बाजूने उभा राहिला. त्यानंतर ते कधी दहा हातांच्या आत बसले नाहीत. मी रोज वाट पाहायचो. तक्त्यात रोज अंतराचा रकाना भरायचो. आज अकरा वाजता तो दोन हात भरला. काकांना हे कसं सांगायचं ते मला सुचलं नाही. तुम्हाला सुचलं तर सांगा, नाहीतर राहू द्या.

ता.क. तिसरा, बुधवार सकाळ. पाकीट पुन्हा उघडलं. सात वाजता दोघे काका कॅम्पच्या फाटकाशी आले. सायकल एकच होती. अमूतीकाका चालवत होते, काका मागे बसले होते. चढावर दोघे उतरून चालले. मी दोघांना हाकेच्या नावांनी नमस्कार केला. दोघेही मला 'बासालिझा' म्हणाले, अत्वोकी नाही. नुसतं. शनिवारी किती वाजता निघायचं, एवढं विचारून ते परत गेले.